रकाना क्रमांक अकरा

शनिवार, सकाळची शाळा.
अक्कलकोटहून निघालो तेव्हा उन्हाला अजून दात फुटले नव्हते.
पिशवीत तक्ता. दोन शाळा, दोन उभे रकाने,
मधे पट्टीनं मारलेली रेघ.
रेघ माझीच.

पहिली शाळा गावातली.
पट एकशे बारा. शिक्षक मंजूर सहा, हजर चार.
भिंतीवर ग्रह, फळं, एक जिराफ,
त्याच्या मानेपर्यंत ओल चढलेली.
टीव्ही आहे. त्यावर भरतकामाचा रुमाल.
कोरे सरांनी तो हळूच उचलून दाखवला,
नवरीचं तोंड दाखवावं तसा.
चालतो का? म्हणाले, चालतो की. वीज नाही.
मी लिहिलं: डिजिटल वर्ग, होय.

दुसरी हत्तुरे वस्तीवरची.
पट नऊ. हजर सात,
दोघं शेंगा उपटायला गेलेले.
एक खोली, वर पत्रा.
घंटा म्हणजे नांगराचा मोडका फाळ, लिंबाला टांगलेला.
मुजावर बाई एकट्याच. चिपळूणच्या.
बदलून आल्या तेव्हा पोरं नुसती हसायची म्हणे.
घरात कानडी, पुस्तकात मराठी,
मधे बाई, खडू घेऊन.
आता फळ्यावर एकीकडे 'पाणी', दुसरीकडे 'नीरु',
आणि चौथीतली मलकव्वा पहिलीच्या पोराला ओढतेय,
"बा इल्ली, नीट बस, साहेब आल्यात."
एका दमात दोन्ही भाषा, मधे रेघ नाही.
मी लिहिलं: बोलक्या भिंती, नाही.

स्वच्छतागृह.
गावात दोन, कुलपात. किल्ली शिपायाकडे, शिपाई तालुक्याला.
वस्तीवर एक. दार नाही, गोणपाट आहे.
आत एक मुलगी गेली की दुसरी बाहेर उभी राहून पाढे म्हणते.
तेराचा संपेपर्यंत कुणी फिरकत नाही.
हे कुठं भरायचं?
मैदान, संरक्षक भिंत, हात धुण्याची जागा, उतार.
(माझी मुलगी सोलापुरात टाय घालून शाळेला जाते.
त्याला तक्त्यात रकाना नाही.
बरंच आहे.)

रकाना क्रमांक अकरा: जवळच्या शाळेपासूनचं अंतर.
वस्तीची शाळा बंद केली तर पोरं किती चालतील,
सगळा तक्ता खरं तर एवढ्याचसाठी.
गाडीच्या काट्यावर दोन पूर्णांक सहा,
पण ती फाट्यावरून वळसा घालून.
पोरं ओढ्यातून जातात.
रेवणसिद्धला विचारलं. त्याचा भाऊ पाचवीला गावात जातो.
किती लांब रे?
"एक खिसा."
काय?
"शेंगा वो. अण्णा घरातनं खिसा भरून निघतोय,
शाळंच्या फाटकापाशी संपत्यात."
आणि ओढ्याला पाणी असलं तर?
त्यानं जरा हिशेब केला.
"मग दोन लागतेत.
पर त्येचा दुसरा खिसा फाटकाय."

बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

गाडी लिंबाखाली लावली.
मलकव्वाच्या आईनं सुपातून ओंजळभर शेंगा दिल्या,
ओल्याच, माती लागलेल्या.
पँटचा खिसा फुगला. निघालो.
काळ्या रानातून पायवाट, दोन्हीकडे तूर माझ्या छातीला लागत होती.
म्हणजे रेवणसिद्धच्या डोक्यावरून गेली असती.
मी मोजत नव्हतो. फोडत होतो, खात होतो,
मनात एक वाक्य जुळवत होतो, शेऱ्यात घालण्यासारखं,
कुणाला दुखवणार नाही आणि कशालाच अडवणार नाही असं.
ते येतं मला. सतरा वर्षं झाली.

ओढ्याच्या अलीकडंच खिसा रिकामा.
माझा खिसा मोठा, पावलंही मोठी,
तरी.
पलीकडे गावची टाकी दिसत होती,
हाताच्या अंतरावर असावी तशी.
परत फिरलो. वाटेवर माझीच टरफलं.

सोमवारी तक्ता द्यायचा आहे.
बाकी सगळं शाईनं भरलंय.
अकराव्यावर पेन नेतो, उचलतो.
तीच पँट घातलीय आज.
रुमाल काढायला हात घातला की
बोटांना तांबडी सालं लागतात.